वंशावळ वर चढण्याआधी आडवी पसरू द्या

साखर पेठेत वाढलेल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "आजोबा 1940 च्या आसपास मोगलाईतून सोलापुरात आले आणि जुन्या गिरणीत लागले. माझे वडील लहान असतानाच ते वारले. आजीने विड्या वळून मुलं वाढवली. आता वडीलही नाहीत. घरात वडिलांचा 1958 चा शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यावर जन्मठिकाण 'हिप्परगे' आणि जन्मतारीख 1 जून 1948. एक पितळी घागर आहे. आत्या पंच्याऐंशीच्या पुढे आहे. ती सांगते, आजोबा मार्गशीर्षातल्या एकादशीला गेले, तेव्हा गिरणी बंद होती. आणि आजी चिडली की कानडीसारखं काहीतरी बोलायची. जमीन नाही, मूळ गाव सांगणारं कुणी नाही. पणजोबांपर्यंत तरी कसं पोचायचं?"

जुने मोडी कागद वाचून घराण्यांचे धागे लावण्याचं काम मी 26 वर्षं करते आहे. तुमच्यासारखाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा लांबून उत्तर देते.

तुमच्याकडे काहीच नाही असं तुम्हाला वाटतंय, पण आहे ते पुष्कळ आहे. अडचण एवढीच, की तुम्ही सरळ वर चढायला बघताय: मी, वडील, आजोबा, पणजोबा. गरीब माणसाच्या घरात ही शिडी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला मोडते. एका माणसाच्या नावाचा कागद नसतोच. पण त्याच्या भावाचा असतो, मेहुण्याचा असतो, ज्याच्या ओळखीने तो गिरणीत लागला त्याचा असतो. म्हणून आधी आडवं पसरायचं. आजोबांची भावंडं, आजीचं माहेर, आत्याची सासरची माणसं, चाळीतले शेजारी. वर जायची वाट त्यांच्यातूनच सापडते.

पहिलं काम आत्याकडे जाणं. या आठवड्यात जा. कागद कपाटात थांबतात, माणसं थांबत नाहीत.

जाऊन "आपलं मूळ गाव कोणतं?" असं विचारू नका. तो प्रश्न त्यांना साठ वेळा विचारून झालाय आणि साठही वेळा "मोगलाईतलं" हेच उत्तर आलंय. त्याऐवजी आजीची भाषा विचारा. ती पैसे मोजताना एकाला 'ओंदु' म्हणायची की 'ओकटि'? पहिलं कानडी, दुसरं तेलुगू. आजोबांच्या वडिलांचा विषय निघाला की 'अज्जा' म्हणायची की 'ताता'? हे ठरलं की शोधाचा नकाशा एकदम अर्धा होतो. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य, आणि ते सोलापूरच्या वेशीपासून थोड्याच अंतरावर सुरू व्हायचं. तुळजापूर मोगलाईत, नळदुर्ग मोगलाईत, गुलबर्गा मोगलाईत, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरांची करीमनगर, वरंगल, पालमूर (महबूबनगर) ही मूळ ठिकाणंसुद्धा मोगलाईतच. त्या शब्दाने गाव कळत नाही, फक्त सरहद्द ओलांडली एवढं कळतं.

मग विचारा: सुट्टीत कुणाकडे जायचात? रेल्वेने की एसटीने, की चालत? कुठे उतरायचं? लग्नात मामा म्हणून कोण उभा राहिला? दिवाळीला कुणाकडून काय यायचं? गावाचं नाव विसरलेल्या बाईला वाटेतली नदी आणि मामाने आणलेल्या शेंगा आठवतात. हे सगळं फोनवर रेकॉर्ड करा. मध्ये मध्ये दुरुस्त्या करू नका. त्या चुकीचं वर्ष सांगतील, सांगू द्या.

वर्षं कशी लावायची ते आता तुमच्याच उदाहरणावरून दाखवते. आपल्याकडे मृत्यूचं साल कुणाच्या लक्षात नसतं, पण तिथी असते, कारण दर वर्षी त्या दिवशी पान वाढायचं असतं. आत्याने तिथी सांगितली आणि वर एक खूण दिली: गिरणी बंद होती. जुनी गिरणी, म्हणजे 1877 ची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली होती. हजारो माणसं घरी बसली, आणि जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या बंदच्या मुदतीत मार्गशीर्ष एकदाच येतो, शके 1871 चा, म्हणजे 1949 चा नोव्हेंबर-डिसेंबर. त्यात एकादश्या दोन, शुद्ध आणि वद्य. आत्याला विचारा, चांदणं होतं का, आणि वार कोणता होता. जुन्या पंचांगाशी वार जुळला तर तुमच्या हातात तारीख आली. गिरणी पुढेही बंद पडली, पण तोवर आत्या मोठ्या झाल्या होत्या. लहानपणची आठवण असेल तर 1949 ला माझा कौल.

ती तारीख घेऊन महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जा. सोलापूरची नगरपालिका 1852 ची आहे. महापालिका 1964 ला झाली आणि जुनी दप्तरं तिच्याकडे आली. तारीख नसताना अर्ज केला तर "नोंद आढळून येत नाही" असा कागद मिळतो आणि माणूस तिथेच थांबतो. दोन तारखा आणि पेठ सांगून नोंदवही बघू दिली जावी अशी विनंती केली तर गोष्ट वेगळी होते. आडनावाने शोधू नका, नाव आणि पत्त्याने शोधा. जन्माच्या नोंदी शोधायच्या झाल्या तर बापाच्या नावाने शोधा, कारण त्या काळच्या कित्येक नोंदींत मुलाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं.

आता दाखला. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा एकच कागद तुम्हाला बरंच काही सांगतोय, आणि त्यातलं निम्मं तुम्ही जसं वाचताय तसं नाही.

1 जून ही जन्मतारीख खरी धरू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आई पोराला घेऊन यायची, तारीख माहीत नसायची, मास्तर पोराकडे बघून सहा वर्षांचं ठरवायचे आणि 1 जून टाकायचे. महाराष्ट्रात त्या पिढीची अर्धी गावं 1 जूनला जन्मलेली दिसतात. म्हणजे तुमच्या वडिलांचा जन्म 1947 चा असू शकतो, 1948 चा असू शकतो, थोडा मागेपुढेही असू शकतो.

आणि जन्मठिकाण. आपल्याकडे बाळंतपण माहेरी. त्यामुळे त्या रकान्यात बापाचं गाव असतं असं समजू नका. तिथे बहुधा आजोळ असतं. कुळाच्या शोधात बायकांची माहेरं कुठेच मिळत नाहीत अशी तक्रार लोक करतात, आणि ती माहेरं शाळेच्या जनरल रजिस्टरात ओळीने लिहिलेली असतात.

पण हिप्परगे कोणतं? सोलापूरजवळ एक आहे, तुळजापूर रस्त्यावर, एकरुख तलावाला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो तेच. तुम्ही तेच धरून चालला असाल. दुसरं आज लोहारा तालुक्यात आहे, जिथल्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला होते. ते मोगलाईतलं, आणि त्या पट्ट्यात कानडीही ऐकू येतं. तिसरं विजापूरकडचं देवर हिप्परगी. कागदावर लिहिणाऱ्या मास्तरांना तिन्ही सारखीच.

कानडी आणि मोगलाई एकत्र धरली तर लोहाऱ्याचं हिप्परगं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना तेच वाटलं. पण साल बघा. 1947-48 हा रझाकारांचा काळ. सरहद्दीवरच्या गावांतून लोक जीव मुठीत धरून मोगलाईतून सोलापूरकडे येत होते. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापुरातून नळदुर्गाकडे निघाल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. अशा वर्षात साखर पेठेतली बाई बाळंतपणाला उलटी मोगलाईत गेली असेल का? गेली नसावी. मग तिच्याच माहेरची माणसं पळून आली असतील आणि तलावाजवळच्या हिप्परग्यात कुणाच्या आसऱ्याला राहिली असतील, असंही होऊ शकतं. किंवा जन्म आधीचा असेल आणि मास्तरांनी वय कमी धरलं असेल. तीन शक्यता आहेत आणि आत्ता त्यांतली कोणतीही पक्की धरायची नाही. तिन्ही वहीत लिहून ठेवा. आत्याचा स्वतःचा जन्म 1940 च्या आसपासचा, शांततेच्या दिवसांतला. त्यांचं जन्मठिकाण जर कळलं, त्यांच्या शाळेच्या रजिस्टरात किंवा त्यांच्या आठवणीत, तर वडिलांच्या दाखल्यापेक्षा ते जास्त भरवशाचं. वर जायचं तर आडवं जा म्हणते ते यासाठी.

शाळेतून दाखल्याची नक्कल नका मागू, मूळ जनरल रजिस्टराची ओळ बघू द्या म्हणा. त्यात आधीची शाळा, पालकाचं नाव, पालकाचा धंदा असतो. आजोबा गेल्यावर पालक म्हणून आजीचं नाव लागलंय का मामाचं, हे बघा. मामाचं असेल तर तुम्हाला आजीच्या माहेरचं आडनाव मिळालं.

गिरणीचा धागाही आडवाच आहे. त्या काळी नोकरी अर्ज करून लागत नसे, मुकादम लावायचा, आणि मुकादम आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं आणायचा. म्हणून साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, एका गावची दहा-दहा माणसं शेजारी शेजारी साच्यावर असत आणि एकाच चाळीत राहत. आजोबांच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना कोण राहायचं हे आत्याला नक्की आठवेल. त्या घरांची नातवंडं आज कुठे आहेत ते शोधा. त्यांच्याकडे जमिनीचा कागद असला आणि त्यावर गाव असलं, तर ते तुमचंही गाव असण्याची शक्यता मोठी आहे. माझ्या कामात गिरणी कामगारांची जितकी गावं सापडली, त्यांतली बरीचशी शेजाऱ्यांच्या कागदांतून सापडली.

घागर तिरप्या उजेडात धरा. काठाखाली ठोकलेली अक्षरं असतात, कधी कानडीतही. आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव, साल घालायची पद्धत होती. चिंचेने घासण्याची घाई करू नका, आधी फोटो काढा. जुन्या लग्नपत्रिका असतील तर त्यांच्या तळाची नावं एकूण एक उतरवा. 'आपले विनीत' खाली जी माणसं 'रा.' लावून छापलेली असतात, ती तुमची भावकी आणि सोयरे दोन्ही असतात, आणि त्यांच्या गावांची यादी तयार होते. देव्हाऱ्यात टाक आहेत का बघा. तुळजाभवानीच्या टाकावरून गाव निघत नाही, ती अर्ध्या महाराष्ट्राची कुलदेवी आहे. पण एखादा लहान, आडवळणाचा ग्रामदेव टाकांत असेल, किंवा घोड्यावरचा वीर असेल, तर आत्याला विचारा तो कुणाचा.

गाव हाताशी आल्यावरच जमिनीच्या कागदांकडे वळा. तुमच्या पिढीकडे जमीन नाही म्हणजे पणजोबांकडे नव्हती असं नाही. मोगलाईतल्या गावांसाठी 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, हक्क नोंद पत्रक. सोलापूरच्या इंग्रजी मुलखातल्या गावांसाठी फेरफार (जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी) आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाची जन्म-मृत्यूची वही. आजच्या जिल्ह्याच्या नकाशावर जाऊ नका. अक्कलकोट 1948 पर्यंत संस्थान होतं, मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, आणि धाराशिवकडचे कागद तुम्हाला निजामाच्या चालीचे, कधी उर्दूत, मिळतील. मोठे, सनदा-इनामाचे कागद असले तर पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दप्तर आणि मोगलाईसाठी हैदराबादचं पुराभिलेखागार. पण साध्या शेतकऱ्याचा किंवा मजुराचा माग तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातच लागतो, तिथे वेळ घालवा.

फेरफार वाचताना वारसाच्या नोंदीवर थांबा. बाप मेला की तिथे सगळी मुलं लिहिलेली असतात, आणि बहिणी बहुतेक वेळा 'इतर हक्कात' ढकललेल्या असतात, नाहीतर त्यांनी हक्कसोड करून दिलेली असते. हक्कसोडीच्या कागदावर बहिणीचं सासरचं नाव आणि गाव येतं. एका कागदात चार गावं मिळतात.

आडनावाची वाट बघू नका. जुन्या कागदात माणूस 'अमका बिन तमका' असा येतो, म्हणजे तमक्याचा मुलगा. मोगलाईच्या कागदात 'वलद' म्हणतील. बाई 'कोम', 'भ्रतार' किंवा 'जोजे' लावून नवऱ्याच्या नावाने येते. तेलुगू घरांत तर आडनाव आधी लिहायची पद्धत, त्यामुळे मराठी कारकुनाने आडनावालाच नाव समजून उलटं लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय. सनांचंही बघा. शक असेल तर 78 मिळवा, फसली (मोगलाईतला महसुली सन) असेल तर 590. फसली 1330 म्हणजे 1920-21.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती तुम्हीही कराल. एका घराण्याचं काम करताना मला फेरफारात हवं ते नाव, हवा तो बाप, हवं ते गाव मिळालं. मी आनंदाने चार पिढ्या जोडून दिल्या. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळे एका भावकीत तीच दोन नावं आलटून पालटून येत राहतात, हे मला ठाऊक असूनही मी बायकोचं नाव तपासलं नाही. दोन वर्षांनी दुसरा कागद हाती आला, त्यात बायको वेगळी होती. मी चुलत घराच्या माणसाला आजोबा केलं होतं. त्या कुटुंबाने तोवर ती वंशावळ छापून वाटली होती. मी प्रत्येक घरी जाऊन दुरुस्ती सांगितली. तेव्हापासून नवरा, बाप आणि बायको अशी तीन नावं जुळल्याशिवाय मी कोणतीही दोन माणसं एक मानत नाही.

वंशावळ सांगणारे लोकही विसरू नका. आपल्या दक्षिणेकडच्या भागात हेळवी फिरतात. त्यांच्याकडे घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, कुणी मोडीत, कुणी जुन्या कानडीत, आणि ते ठरलेल्या गावांतल्या ठरलेल्या घरी येतात. तुमचं घर शहरात आलं त्या दिवशी त्यांच्या फेऱ्यांतून निसटलं, पण भावकी गावात असेल तर तिच्याकडे ते अजून येत असतील. पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. तिथे गाव आणि आडनाव सांगावं लागतं, त्यामुळे ते पहिलं काम नव्हे. वहीत कोण आलं यापेक्षा कोणाबरोबर आलं ते जास्त महत्त्वाचं. तोंडी सांगितलेल्या वंशावळीत वरच्या पाच-सहा पिढ्यांनंतर एखादा राजा किंवा ऋषी येतो. तो मानाने लिहून ठेवा, पण त्याच्या खालच्या पिढ्यांशी रेघ जोडू नका. आणि पैसे घेऊन कुणी घरबसल्या तयार वंशावळ देत असेल तर घेऊ नका.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींचे आजी-आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाच्या आत राहिलेले असतील. गुन्हेगार जमाती कायद्याखाली डांबलेल्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे आणि त्यांतली अनेक जण गिरण्यांत राबत. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का पुसला गेला. अशा घरातली माणसं मला हळू आवाजात विचारतात, "ताई, ते कागद नको ना काढायला?" काढा. ते कागद पोलिसांच्या नजरेने लिहिलेले आहेत, त्यातला गुन्हेगार हा शब्द सरकारचा आहे, तुमच्या आजीचा नाही. पण त्याच कागदात तिचं नाव, तिच्या पोरांची नावं, ती कुठून आली हे असू शकतं, आणि तिच्याबद्दल दुसरीकडे कुणीही एक ओळ लिहिलेली नसेल. ती ओळ सोडू नका.

जातीच्या दाखल्यासाठी पुरावे शोधणाऱ्यांना एवढंच सांगते. त्यासाठी ठरावीक तारखेआधीचा कागद लागतो: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासांना 13 ऑक्टोबर 1967. त्या कामात एक कागद मिळाला की शोध संपतो. पण त्या फायली फेकू नका. दाखल्यापुरते काढलेले ते कागद तुमच्या मुलांना उपयोगी पडतील.

तुमच्या आजीकडे परत येते. तुम्ही पणजोबा विचारलेत, पण मला तुमच्या प्रश्नात आजी दिसते. 1949 च्या मार्गशीर्षात नवरा गेला, गिरणीला कुलूप, पदरात पोरं, आणि माहेर मोगलाईत उद्ध्वस्त झालेलं किंवा सोलापूरबाहेर कुणाच्या पडवीत. ती विड्या वळायला बसली. तिची ओळखपत्रं, विडी कारखान्याचं एखादं पासबुक, तेंदूपानं कापायची कातर, काही ना काही घरात असेल. आत्याकडे असेल. तिला काय मजुरी मिळायची, ती पानं कुठे भिजवायची, कोणती बाई तिला पहिल्यांदा कारखान्यात घेऊन गेली, हे लिहा. ती बाईदेखील बहुधा तिच्याच गावची निघेल.

आत्याकडे जाताना दाखल्याची मोठी छायाप्रत न्या. त्यांना वाचायला देऊ नका. तुम्ही मोठ्याने वाचा, 'हिप्परगे', आणि मग तोच शब्द कानडी हेल काढून, 'हिप्परगी', असा म्हणा. कोणत्या उच्चाराला त्या मान वर करतात ते बघा, आणि मला कळवा.